इंग्रजी येणे आणि इंग्रजी शिकवता येणे

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटात पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते आणि तिथे चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालते. वर्गात निरनिराळ्या देशांतून आलेली मोठी माणसे असतात. आपापल्या कामात ती तरबेज, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की अडखळणारी. अशा वर्गासमोर उभे राहण्याची तयारी शिक्षकाने कुठे आणि कशी करायची, हा या लेखाचा विषय आहे. शाळेत इंग्रजी कसे शिकवावे यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या घडणीबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलते.

या कामाला जगात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांनी स्थलांतरितांसाठी वर्ग काढले, शिक्षकांसाठी अभ्यासक्रम आखले, काही मोडलेही. त्या अनुभवातून मला एक गोष्ट निर्विवाद वाटते. इंग्रजी येते एवढ्यावर कुणी प्रौढांचा शिक्षक होत नाही; मुलांना उत्तम शिकवणाऱ्यालाही प्रौढांसाठी बरेच नव्याने शिकावे लागते. ही तयारी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि काम मिळाल्यावरही चालू राहावी लागते.

स्वयंसेवकांपासून सुरुवात

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कारखान्यांत युरोपातून आलेले, इंग्रजी न येणारे मजूर मोठ्या संख्येने होते. वायएमसीएचे पीटर रॉबर्ट्स यांनी त्यांच्यासाठी घर, कारखाना आणि बाजार अशा तीन विभागांत धडे रचले. सकाळी उठणे, तोंड धुणे, कामाला निघणे अशा क्रियांची साखळी शिक्षकाने हावभावांसह बोलून दाखवायची आणि विद्यार्थ्यांनी ती पाठोपाठ म्हणायची. १९१४ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क इथल्या फोर्ड कारखान्याने याच पद्धतीवर स्वतःची इंग्रजी शाळा काढली. शिकवणारे होते कारखान्यातलेच स्वयंसेवक कर्मचारी. भाषेबरोबरच मजुराला ‘चांगला अमेरिकन’ बनवण्याचा आग्रहही त्या धड्यांत होता.

त्या काळातले दोन समज अजून पुसले गेलेले नाहीत. धडे तयार असतील तर शिक्षकाच्या तयारीवर खर्च करायची गरज नाही, हा पहिला. प्रौढांना शिकवणे हे फावल्या वेळात करायचे सेवाकार्य आहे, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्या समजाने वेगळे रूप घेतले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी पक्के केले. पुढे रॅपिडेक्ससारखी पुस्तके खेड्यापाड्यांत पोचली. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण समोरचा माणूस कुठे अडला हे पुस्तकाला ऐकू येत नाही आणि त्याने न विचारलेला प्रश्न ओळखताही येत नाही.

ऑस्ट्रेलियाने या कामाकडे लवकर गांभीर्याने पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या निर्वासितांसाठी तिथे १९४८ मध्ये सरकारी खर्चाने प्रौढांचे इंग्रजी वर्ग सुरू झाले. आगबोटींवर आणि बोनेगिलासारख्या स्वागत छावण्यांतही शिकवणे चाले. हा कार्यक्रम आजही चालू आहे. नवागताला ५१० तासांपर्यंत मोफत शिक्षण मिळे, ती मर्यादाही २०२१ मध्ये उठवण्यात आली. सरकारी कार्यक्रम इतकी वर्षे टिकला, म्हणून त्याच्याभोवती शिक्षक-प्रशिक्षण आणि संशोधन उभे राहू शकले.

चार आठवड्यांचे प्रमाणपत्र

आज जगात सर्वाधिक ओळखीची असलेली प्रशिक्षणाची रीत लंडनमधून आली. ‘इंटरनॅशनल हाउस’ या संस्थेत जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. वर्षभर सिद्धान्त शिकवून शेवटी थोडा सराव देण्याच्या प्रथेला त्यांनी बगल दिली. शिकाऊ शिक्षकाला पहिल्या काही दिवसांतच खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे केले. हाच अभ्यासक्रम वाढत जाऊन १९८८ मध्ये केंब्रिजच्या परीक्षा मंडळाकडे आला आणि पुढे ‘सेल्टा’ या नावाने जगभर पोचला.

सेल्टात किमान १२० तासांचे मार्गदर्शन असते. त्यात प्रत्येकाने सहा तास प्रत्यक्ष शिकवायचे आणि अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहायचे. शिकवण्याचा सराव किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रौढांबरोबर करावा लागतो. पाठाच्या टाचणात उद्दिष्ट आणि कृती तर लिहायच्याच, शिवाय विद्यार्थी कुठे अडतील आणि तेव्हा काय करायचे याचाही आधीच अंदाज बांधायचा. पाठ संपला की सहकारी आणि मार्गदर्शक एकत्र बसून त्याची चिकित्सा करतात.

या रचनेचे खरे बळ त्या चिकित्सेत आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकांविषयी एक मार्मिक निरीक्षण मांडले. आपण प्रत्येक जण विद्यार्थी म्हणून हजारो तास वर्गात बसलेलो असतो. शिकवणे म्हणजे काय याची कल्पना तिथेच पक्की होते आणि शिक्षक झाल्यावर आपण नकळत तीच रीत चालवतो. महाराष्ट्रात याचा प्रत्यय सहज येतो. ज्याने शाळेत धड्याचा अर्थ मराठीत ऐकला, प्रश्नोत्तरे उतरवून घेतली आणि व्याकरणाचे नियम पाठ केले, तो पस्तिशीतल्या गृहिणीपुढे उभा राहिला तरी फळ्यावर आधी काळांचा तक्ताच काढतो. असा संस्कार नुसत्या व्याख्यानाने जात नाही. आपला पाठ दुसऱ्याने पाहिला आणि ‘पाऊण तासात चाळीस मिनिटे तुम्हीच बोलत होता’ हे समोर बसून सांगितले की तो हलू लागतो.

सेल्टाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याची घडण मुख्यतः शिकलेल्या, अक्षरओळख असलेल्या प्रौढांना समोर ठेवून झाली. चार आठवड्यांत शिक्षक वर्ग सांभाळायला शिकतो. एखादी कृती का फसली याचा खोल विचार करायला त्याला अवधी नसतो. मायकेल वॉलेस यांनी १९९१ मध्ये शिक्षक घडवण्याच्या तीन वाटा सांगितल्या. पहिली उस्तादाकडे बघून शिकण्याची, दुसरी शास्त्र शिकून ते वर्गात लावण्याची आणि तिसरी स्वतःच्या अनुभवाचा सतत विचार करत सुधारण्याची. छोटे प्रमाणपत्र पहिल्या वाटेवर उत्तम चालते. तिसरी वाट आयुष्यभराची असते आणि तिच्यासाठी शिक्षकाला पुढेही सोबत लागते.

भाषेकडे शिक्षकाच्या नजरेने

अस्खलित बोलणाऱ्याला भाषा येते, पण ती उलगडून दाखवता येईलच असे नाही. पुण्यात राहणारा मराठी माणूस ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असे म्हणतो. हे चूक आहे, ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हणा, एवढे कुणीही सांगेल. तयार शिक्षक एक पाऊल मागे जातो. मराठीत ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो आहे’ हे वाक्य वर्तमानकाळातच बसते, म्हणून ही चूक अगदी तर्काला धरून झाली आहे, हे त्याला दिसते. उलट ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलो आहे’ हा भेद मराठी माणसाला न शिकवताच कळतो. इंग्रजीतल्या ‘आय एट’ आणि ‘आय हॅव ईटन’ यांच्याकडे जाणारा पूल त्याच्याकडे तयार आहे. कुठे पूल आहे आणि कुठे दरी आहे, हे ओळखणे ही शिक्षकाची विद्या आहे.

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये नेमका हाच मुद्दा सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी मांडला. विषयाचे ज्ञान वेगळे आणि तो विषय शिकणाऱ्याच्या डोक्यात कसा उतरतो याचे ज्ञान वेगळे. दुसरे नसेल तर पहिले वर्गात फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात व्याकरण आणि उच्चार दोन्ही विद्यार्थ्याच्या बाजूने पुन्हा शिकावे लागतात. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ मराठी कानाला जवळजवळ सारखेच का वाटतात, ओठ आणि दात यांची जागा कशी बदलून दाखवायची, आणि कोणत्या उच्चाराच्या मागे लागण्यात वेळ वाया जातो, हे शिक्षकाला कळायला हवे. प्रौढाला बातम्या देणाऱ्या निवेदकासारखे बोलायचे नसते. समोरच्याला एकदा सांगून कळावे एवढीच त्याची निकड असते.

प्रौढ विद्यार्थी काय घेऊन येतो

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात प्रौढांच्या शिकण्याचा वेगळा विचार रुजवला. प्रौढाकडे अनुभवाचा साठा असतो, शिकण्यामागे त्याचे स्वतःचे कारण असते आणि शिकलेले लगेच वापरायची त्याला घाई असते. त्याच्या एक दशक आधी, १९६३ मध्ये, ब्राझीलमधल्या अँजिकोस गावी पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द हेच तिथे पाठ्यपुस्तक होते. तो प्रयोग पोर्तुगीज साक्षरतेचा होता, तरी जगभरच्या प्रौढ इंग्रजी वर्गांनी त्यातून उचलले. विद्यार्थ्याच्या आयुष्यातला प्रश्न, मग तो घरमालकाची नोटीस असो, मुलाच्या शाळेतली सभा असो की कापलेला पगार असो, धड्याच्या मध्यभागी ठेवायचा.

वर्गात याचा अर्थ फार व्यावहारिक असतो. मूल कंटाळले तर दंगा करते. प्रौढ दुसऱ्या दिवसापासून येणेच बंद करतो. दहा तास काम करून आलेला माणूस, तान्हे बाळ सासूकडे ठेवून आलेली बाई, चारचौघांत चुकलो तर हसे होईल या धास्तीने गप्प बसलेला आधीच्या पिढीतला पदवीधर, अशी सगळी माणसे एकाच बाकावर असतात. कुणाला मुलाखत द्यायची आहे, कुणाला नातवाशी बोलायचे आहे. प्रत्येकाची गरज जाणून घेणे, मोठ्या माणसाची चूक त्याचा मान राखून सुधारणे आणि वेगवेगळ्या पातळ्यांच्या माणसांना एकाच तासात गुंतवून ठेवणे, ही कौशल्ये मुलांच्या शिक्षणक्रमात ओघाने मिळत नाहीत. ती मुद्दाम शिकवावी लागतात.

यातही सर्वांत दुर्लक्षित राहिलेले विद्यार्थी म्हणजे स्वतःच्या भाषेतही लिहिता-वाचता न येणारे. त्यांच्याविषयी अभ्यास करणाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय जाळे २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग इथे सुरू झाले. अमेरिकेत मिनेसोटामधल्या सोमाली स्थलांतरितांच्या अभ्यासातून एलेन टॅरोन आणि मार्था बिगेलो यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. शिक्षक जेव्हा विद्यार्थ्याचे चुकलेले वाक्य बोलण्याच्या ओघात दुरुस्त करून परत म्हणतो, तेव्हा ज्यांची साक्षरता कमी त्यांना तो बदल टिपणे आणि लक्षात ठेवणे अधिक अवघड जाते. अक्षरओळख माणसाचे ऐकणेसुद्धा बदलते. बहुतेक प्रशिक्षणांत शिकवले जाणारे चूक सुधारण्याचे तंत्र या माणसांपुढे तोकडे पडते. फळ्यावर लिहून समजावण्याची सवय असलेल्या शिक्षकाने इथे चित्र, वस्तू, कृती आणि आवाज यांवर भर द्यायला शिकले पाहिजे.

वर्गाच्या भिंतीबाहेर

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात कारखान्यांत आणि सेवाक्षेत्रात दक्षिण आशियातून आलेले कामगार मोठ्या प्रमाणावर होते. त्यांच्यासाठी कामाच्या ठिकाणीच इंग्रजी शिकवण्याची सरकारी योजना चालली. लंडनच्या साउथॉलमध्ये तिचे एक महत्त्वाचे केंद्र होते. या योजनेतल्या शिक्षकांबरोबर अमेरिकी भाषावैज्ञानिक जॉन गंपर्झ यांनी काम केले. त्यांनी नोंदवलेले एक उदाहरण प्रत्येक शिकाऊ शिक्षकाला सांगावे असे आहे.

एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया वाढपाचे काम करायच्या. त्या उद्धट आहेत अशी तक्रार होती. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कारण हाती लागले. मांसाबरोबर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द चढत्या सुरात उच्चारते. या बायका तोच शब्द उतरत्या सुरात म्हणायच्या. ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटण्याऐवजी ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असे वाटायचे. बायकांना मात्र आपल्याला कारण नसताना डावलले जाते असे वाटत होते. चर्चेनंतर दोन्ही बाजूंना गैरसमजाचे मूळ कळले.

शिक्षकाच्या तयारीसाठी यातून दोन धडे मिळतात. विद्यार्थी जिथे इंग्रजी वापरतो तिथे शिक्षकाने जावे आणि ते ऐकावे. पाठ्यपुस्तकातल्या उपाहारगृहात असे प्रसंग सापडत नाहीत. आणि संभाषण बिघडले तर दोष नेहमी शिकणाऱ्याचाच धरू नये. मालकाने आणि पर्यवेक्षकानेही ऐकायला शिकले पाहिजे. ही योजना १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुंडाळली गेली, पण तिथे तयार झालेली संवादाकडे पाहण्याची दृष्टी पुढच्या संशोधनात टिकली.

मातृभाषा आणि ‘गोरा’ शिक्षक

प्रशिक्षणातला आणखी एक जुना वाद आपल्या जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे आणि ते इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यानेच शिकवावे, या दोन कल्पना बराच काळ अढळ मानल्या गेल्या. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये त्यांच्यामागचे सत्तेचे राजकारण उघड केले. हंगेरीच्या पेटर मेद्येश यांनी १९९४ मध्ये दाखवले की ज्याने ही भाषा स्वतः कष्टाने शिकली त्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच ठाऊक असतात आणि तो स्वतः यशाचा जिवंत पुरावा असतो. मूळचे भारतीय असलेले बी. कुमारवडिवेलू यांनी त्याच वर्षी म्हटले की बाहेरून आलेल्या एखाद्या पद्धतीचा शोध थांबवून शिक्षकाला आपल्या परिस्थितीतून स्वतःची रीत घडवायचे बळ द्यायला हवे.

जाहिरातींतून ‘फॉरेन ट्रेनर’चे आकर्षण अजून विकले जाते. पण मराठी प्रौढांसाठी मराठी जाणणारा, दोन्ही भाषा समजून वापरणारा शिक्षक ही मोठी संपत्ती आहे. अट एवढीच की मराठीचा आधार कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे त्याला कुणीतरी शिकवलेले असावे. सूचना, धीर आणि तुलना यांसाठी मराठी. बोलण्याच्या सरावात मात्र इंग्रजी. सगळा तास भाषांतरात गेला तर विद्यार्थ्याच्या तोंडी इंग्रजी येतच नाही.

धोरण बदलले की शिक्षक डळमळतो

इंग्लंडचा अनुभव सावध करणारा आहे. २००१ मध्ये ‘स्किल्स फॉर लाइफ’ या राष्ट्रीय धोरणाखाली प्रौढांसाठी इंग्रजीचा अभ्यासक्रम तयार झाला, शिक्षकांची विषयवार पात्रता ठरली आणि २००७ मध्ये ती कायद्याने बंधनकारक झाली. २०१३ मध्ये हे बंधन काढून टाकले गेले आणि पात्रतेचा निर्णय संस्थांवर सोपवला गेला. बारा वर्षांत एक व्यवसाय उभा राहू लागला आणि त्याच्या पायाखालची एक वीट निघाली.

अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘टीसॉल’ संघटनेने २००८ मध्ये प्रौढांच्या शिक्षकांसाठी निकष प्रसिद्ध केले. पण पात्रता राज्याराज्यांत वेगळी आहे. कॅलिफोर्नियात प्रौढ शिक्षणाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. अनेक ठिकाणी स्वयंसेवक किंवा तासांवर पैसे मिळणारे शिक्षकच वर्ग चालवतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. पुढच्या सत्रात काम असेल की नाही हे माहीत नसलेला माणूस स्वतःच्या पदरचे पैसे आणि वेळ घालून प्रशिक्षण कसे घेणार? कॅनडाने १९९२ पासून नवागतांचे मोफत भाषावर्ग चालवले आणि भाषेच्या पातळ्यांचे राष्ट्रीय मापदंड आखले, म्हणून तिथल्या शिक्षकाला निदान आपण विद्यार्थ्याला कुठून कुठे नेत आहोत हे कळते.

ऑस्ट्रेलियातला एक उपक्रम मला अनुकरणीय वाटतो. अ‍ॅन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून प्रौढांच्या शिक्षकांना स्वतःच्या वर्गातलाच एखादा प्रश्न घेऊन कृतिसंशोधन करायला मदत केली. बोलताना काही विद्यार्थी का गप्प राहतात, वेगवेगळ्या पातळ्यांचा वर्ग कसा सांभाळावा, अशा प्रश्नांवर शिक्षकांनी उपाय करून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि एकमेकांना सांगितले. प्रमाणपत्र हातात आल्यावर खुंटणारी वाढ अशा सोबतीने चालू राहते.

महाराष्ट्रापुढचे काम

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्याआधी शाळेत गेलेल्यांनी ते पाचवीपासून किंवा आणखी उशिरा शिकले, आणि तेही मुख्यतः वाचून-लिहून. ही पिढी आज नोकरीत, धंद्यात, घरात इंग्रजीला रोज सामोरी जाते. परदेशी जाऊ पाहणारी परिचारिका, हॉटेलातला कर्मचारी, मुलाच्या इंग्रजी शाळेतली सूचना वाचू न शकणारी आई, दुकानदार, रिक्षाचालक हे सगळे ‘स्पोकन इंग्लिश’च्या बॅचला जातात. तिथे शिकवण्यासाठी कोणतीही पात्रता बंधनकारक नाही. बी.एड. आणि डी.एल.एड. हे अभ्यासक्रम शाळेच्या शिक्षकांसाठी आहेत. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, आज विद्यापीठ असलेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने शिक्षक-प्रशिक्षणात मोठे काम केले, पण तिचा भर शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांवर राहिला. केंद्र सरकारची ‘उल्लास’ ही प्रौढ साक्षरता योजना स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि तिचा मुख्य हेतू वेगळा आहे.

या पोकळीत प्रामाणिकपणे शिकवणारे असंख्य शिक्षक आहेत. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना कुणी काही शिकवलेलेच नाही. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत आजीवन अध्ययनाचे विभाग आहेत, नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे, मुंबईत रात्रशाळा आहेत, गावोगावी बचतगट आहेत. यांना जोडून सुमारे १२० तासांचा, मराठी प्रौढांसाठीच बांधलेला शिक्षक-अभ्यासक्रम सुरू करता येईल. त्यात चार गोष्टींवर तडजोड नसावी. मराठी आणि इंग्रजीची शिकणाऱ्याच्या बाजूने केलेली तुलना. प्रौढाची गरज जाणून त्यावर धडा रचण्याचा सराव. रात्रशाळेत किंवा बचतगटात, मार्गदर्शकाच्या उपस्थितीत किमान सहा तास प्रत्यक्ष शिकवणे आणि त्यावर चर्चा. आणि अभ्यासक्रम संपल्यावर निदान वर्षभर, महिन्यातून एकदा, जिल्ह्यातल्या अशा शिक्षकांची एकत्र बैठक. ऑनलाइन साधनांमुळे दुर्गम तालुक्यातल्या शिक्षकाचा पाठही आता दूरवरून पाहता येतो. करोनाकाळात सेल्टाचा सरावही ऑनलाइन होऊ लागला.

खर्चाचा प्रश्न येईल. त्याच्यासमोर आज होणारी हानी मांडून पाहावी. पोटाला चिमटा काढून फी भरणारा माणूस तीन महिन्यांनी ‘आपल्याला इंग्रजी येणारच नाही’ असा समज घेऊन बाहेर पडतो, आणि पुन्हा कुठल्याही वर्गाची पायरी चढत नाही. त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. त्याला शिकवणाऱ्याला तयारीची संधी मिळालेली नसते. ती संधी देणे विद्यापीठांच्या आणि शासनाच्या आवाक्यात आहे. एका जिल्ह्यात, वीस शिक्षकांच्या एका तुकडीपासून हे काम याच वर्षी सुरू होऊ शकते.